बर्फ, पाणी, वाफ आणि स्तेफनाची प्रार्थना

वही दोनशे पानी होती आणि तिच्या पानापानावर पट्टीने तीन रकाने आखलेले होते: तारीख, त्या काय म्हणाल्या, आणि मला काय सांगता आले नाही. रुग्णालयात 33 वर्षे परिचारिका म्हणून काम केलेल्या बाईंची ती सवय होती. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णाची हकीकत जशी लिहून द्यायची, तशी त्यांनी स्वतःच्या विश्वासाची हकीकत लिहून आणली होती. तिसरा रकाना भरगच्च होता. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्यांना सगळे अजूनही ‘सिस्टर’च म्हणतात, म्हणून येथेही मी तेच म्हणेन. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून मी हे लिहीत आहे, कारण थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन कॉलेजातल्या मुलांपासून आजोबांपर्यंत अनेक जण माझ्याकडे येतात: येशू देव नाही असे कोणी शास्त्र उघडून दाखवले आणि मला उत्तर देता आले नाही, तर इतकी वर्षे मी जे मानले ते खोटे होते का?

सिस्टरांच्या यजमानांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. दफनविधीनंतरचे पंधरा-वीस दिवस घर माणसांनी भरलेले होते. मग मुलगा नोकरीच्या गावी परतला आणि आम्ही मंडळीतले लोकही आपापल्या कामाला लागलो. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण तसे घडले. त्याच सुमारास घरोघरी जाऊन शास्त्राचा अभ्यास घेणाऱ्या दोन स्त्रिया दर मंगळवारी दुपारी दारात उभ्या राहू लागल्या. त्या सभ्य होत्या, वेळ पाळणाऱ्या होत्या आणि सिस्टरांचे बोलणे न कंटाळता ऐकून घेणाऱ्या होत्या. पहिले काही महिने अभ्यास मृतांच्या आशेविषयी चालला. नंतर एका मंगळवारी विषय येशूवर आला, आणि वहीत त्या दिवसाच्या पुढे असे लिहिलेले होते: “येशू देव नव्हे. देवाने सर्वांत आधी निर्माण केलेला तो. आद्यदेवदूत मीखाएल तोच. त्याचा मान राखावा, त्याची प्रार्थना करू नये.”

मी वही चाळत होतो आणि मनातल्या मनात वचने जुळवत होतो. समुपदेशकाने करू नये ते हेच, पण पाळकाची खोड जात नाही. सुदैवाने मी तोंड उघडण्याआधी एक साधा प्रश्न विचारला: “सिस्टर, झोप कधीपासून लागत नाही?” त्यांनी वहीकडे न बघता तारीख सांगितली. ती येशूविषयीच्या त्या मंगळवारची होती. मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत आणि शेवटी म्हणाल्या, “पाळकसाहेब, ह्यांचा श्वास मंद होत गेला तेव्हा मी त्यांचा हात धरून एकच म्हणत होते, प्रभू येशू, ह्यांना जवळ घे. पहाटे चारपर्यंत तेच म्हणत होते. तो देव नसेल तर माझी प्रार्थना कुठे गेली? शेवटच्या घटकेला मी ह्यांच्या उशाशी बसून मूर्तिपूजा केली का?”

अशा वेळी ‘देव मन बघतो, तुम्ही काळजी करू नका’ असे म्हणून पाठवून देणे सोपे असते. मी तसे म्हटले नाही, कारण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. येशू जर निर्माण केलेला असेल, तर त्याची आराधना करणे ही खरोखरच मूर्तिपूजा ठरेल. आणि नेमका हाच मुद्दा चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथनेशियस या बिशपाने, पुत्र निर्माण केलेला आहे असे शिकवणाऱ्या एरियसच्या अनुयायांपुढे मांडला होता. त्यासाठी त्याला पाच वेळा हद्दपारी सोसावी लागली. मी सिस्टरांना सांगितले की तुम्ही रात्रभर जागून ज्या प्रश्नापाशी पोहोचलात तो मंडळीने फार गांभीर्याने घेतलेला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मी समजुतीने देणार नाही, शास्त्रातून देईन.

त्या दिवशी आम्ही एकच उतारा वाचला. प्रेषितांची कृत्ये, सातवा अध्याय. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्यावर दगड पडत आहेत आणि तो म्हणतो, “हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर.” हे लिहिणारा लूक आहे, आणि त्याच लूकने आपल्या शुभवर्तमानात वधस्तंभावरच्या येशूच्या तोंडचे शेवटचे शब्द नोंदवले आहेत: पित्याच्या हाती आपला आत्मा सोपवण्याचे. येशूने मरताना जे पित्याजवळ मागितले, ते स्तेफनाने मरताना येशूजवळ मागितले, आणि ज्या यहूदी माणसाला लहानपणापासून एकाच देवापुढे गुडघे टेकायला शिकवलेले होते त्याने ते मागितले. सिस्टरांनी लगेच हरकत घेतली, जी मला आवडली: “त्या म्हणतील, स्तेफनाला दर्शन झाले होते, समोर दिसत होता म्हणून तो बोलला.” म्हणून आम्ही करिंथकरांस पहिले पत्र काढले. तेथे प्रेषित पौल पहिल्याच वाक्यांत ख्रिस्ती लोकांची ओळख ‘आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताचे नाव घेऊन त्याचा धावा करणारे, सर्व ठिकाणचे लोक’ अशी देतो, आणि शेवटी ‘मारानाथा’ हा अरामी शब्द तसाच ठेवतो: आमच्या प्रभू, ये. ग्रीक बोलणाऱ्या करिंथकरांना अरामी शब्द लिहायचा, याचा अर्थ ती प्रार्थना यरुशलेमेकडच्या अगदी पहिल्या विश्वासणाऱ्यांच्या तोंडातून आलेली आहे. त्यांना कोणाला दर्शन होत नव्हते. ते प्रार्थना करीत होते.

सिस्टरांनी पहाटे चारची वेळ वहीत लिहिली आणि तिच्यापुढे ‘प्रे. कृत्ये 7:59’ एवढेच लिहिले.

पुढच्या चार भेटींत तिसरा रकाना घेतला. त्यातली सर्वांत जुनी नोंद, खाली दोन रेघा मारलेली, अशी होती: “येशू देव आहे तर गेथशेमानेत प्रार्थना कोणाला केली? स्वतःलाच?” गेथशेमाने म्हणजे ती बाग, जिथे अटकेपूर्वी येशूने पित्याची प्रार्थना केली. मी विचारले, तुम्ही काय उत्तर दिलेत? त्या म्हणाल्या, “बर्फ, पाणी, वाफ सांगितले. संडे स्कूलमध्ये शिकवतात ते. त्या हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, मग पाणी बर्फाला हाक मारते का?”

मला घाम फुटला, कारण तो दाखला मी स्वतः त्याच मंडळीच्या संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षे दिलेला आहे. एकच पाणी कधी बर्फ होते, कधी वाफ. तसा एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी पवित्र आत्मा होतो, असा त्याचा अर्थ निघतो, आणि हे शिक्षण तिसऱ्या शतकात रोममध्ये सबेलियसच्या नावाशी जोडले गेले व मंडळीने ते नाकारले. म्हणजे आम्ही मुलांना एका पाखंडापासून वाचवताना दुसरे पाजत होतो. बाहेरच्या चुकीच्या शिक्षणाला सिस्टरांच्या मनात जागा मिळाली ती आमच्या आतल्या चुकीच्या दाखल्यामुळे. त्या दोघी बायकांनी फक्त जिथे भेग होती तिथे बोट ठेवले. अनुभवाने मला असे दिसते की अशा प्रकरणांत बहुतेक वेळा हेच झालेले असते, आणि मंडळी मात्र दारावर येणाऱ्यांना दोष देत बसते.

म्हणून आम्ही दाखला बाजूला ठेवला आणि योहानाच्या शुभवर्तमानाचे पहिले वचन कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले: “प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता.” येथे ‘शब्द’ म्हणजे पुत्र, येशू. शब्द ‘देवासह’ होता, म्हणजे पिता आणि पुत्र एकच व्यक्ती नव्हेत, पुत्र पित्याशी बोलू शकतो, त्याच्यावर प्रीती करू शकतो, गेथशेमानेत त्याला हाक मारू शकतो. आणि शब्द ‘देव होता’, म्हणजे जो पित्यासह आहे तो पित्याहून कमी दर्जाचा कोणी नव्हे. बर्फ-पाणी-वाफेचा दाखला यातले पहिले वाक्य गाळतो आणि मंगळवारचे शिक्षण दुसरे. दोन्ही धरून ठेवायची, एवढेच मंडळी म्हणत आली आहे. यार्देन नदीकाठी येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि पित्याची वाणी ऐकू येते. तिघेही एकाच वेळी. सिस्टरांनी बर्फाच्या नोंदीवर आडवी रेघ मारली, औषध बंद केल्यावर केस-पेपरवर मारतात तशी.

‘शब्द एक देव होता’ असे भाषांतर त्यांना दाखवण्यात आले होते, कारण मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘देव’ या शब्दाला निश्चित उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द) नाही. ते खरे आहे. पण त्याच अध्यायाच्या सहाव्या, बाराव्या आणि तेराव्या वचनांतही ‘देव’ शब्द उपपदाविना आला आहे, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला ‘एका देवाने’ पाठवले असे कोणीही भाषांतर करीत नाही. मराठीत उपपदेच नसल्यामुळे हा वाद आपल्याला थोडा परका वाटतो, आणि त्यामुळेच ग्रीकचे नाव घेतले की आपण पटकन दबतो.

कलस्सैकरांस पत्रातल्या ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’ या शब्दांत मात्र मराठीच मदतीला आली. ज्येष्ठ म्हणजे आधी जन्मलेला, असे त्यांना सांगितले होते. मी स्तोत्र 89 उघडले. तेथे देव दावीदाला आपला ज्येष्ठ पुत्र करीन असे म्हणतो, आणि दावीद तर इशायाच्या आठ मुलांतला धाकटा. “म्हणजे आमच्या वॉर्डातल्या ज्येष्ठ सिस्टरसारखे,” त्या म्हणाल्या, “ती वयाने माझ्याहून लहान होती.” आणि लगेचच पुढच्या वचनात पौल म्हणतो की सर्वकाही त्याच्यामध्ये निर्माण झाले, त्या स्त्रियांच्या प्रतीत तेथे ‘इतर सर्वकाही’ असे होते, जो ‘इतर’ मूळ ग्रीकमध्ये नाही.

‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ या वचनावर मी घाई केली नाही. ते येशूचेच वाक्य आहे, आणि शेवटच्या दिवसाची वेळ पुत्रालाही ठाऊक नाही हेही त्याचेच. ज्याने दासाचे रूप घेतले त्याने खरोखरच घेतले, तो थकला, रडला, त्याला तहान लागली; हे सगळे आपल्या बाजूचे सत्य आहे, अडचण नव्हे. खरा देव आणि खरा मनुष्य, एकच ख्रिस्त, हे मंडळीने 451 साली खल्सेदोनच्या सभेत शब्दांत मांडले, पण ‘कसे’ हे तेथेही कोणी उलगडले नाही. सिस्टरांना हे आवडले नाही. मी त्यांना आवडावे असा आग्रह धरला नाही.

मीखाएलाची गोष्ट लवकर उरकली. इब्री लोकांस पत्राचा पहिला अध्याय पुत्राला सर्व देवदूतांपासून वेगळा काढण्यासाठीच लिहिलेला आहे. सिस्टरांना अधिक भिडले ते दुसरेच: प्रकटीकरणाच्या शेवटी योहान देवदूताच्या पाया पडतो तेव्हा देवदूत त्याला थांबवतो आणि देवाला नमन करायला सांगतो, पण शिष्य थोमा पुनरुत्थित येशूला “माझा प्रभू व माझा देव” म्हणतो तेव्हा येशू त्याला थांबवत नाही.

राहिला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. येशूला देव ठरवले ते त्याने, मते मोजून, 325 साली, हे आता मोबाइलवरच्या चित्रफितींतूनही सर्रास ऐकू येते. नायसिया शहरात सम्राटाने बिशपांची सभा बोलावली हे खरे. पण तेथे जमलेल्यांत येशूची आराधना करावी की नाही हा वाद नव्हता, ती तर एरियसचे लोकही करीत. ज्याची आराधना आपण आधीपासून करतो तो पित्याच्याच तत्त्वाचा आहे की निर्माण केलेला, हा वाद होता, आणि एरियसबरोबर शेवटपर्यंत उभे राहिले ते दोनच बिशप. त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे, सुमारे 112 साली, नायसिया ज्या प्रांतात होते त्याच बिथुनियाचा राज्यपाल प्लिनी सम्राट ट्रेजनला तक्रारीच्या सुरात कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. तो ख्रिस्ती नव्हता, त्याला त्यात कौतुक नव्हते. “पहाटे?” सिस्टरांनी विचारले. मी होय म्हणालो.

मंगळवारचे काय करायचे हा प्रश्न त्यांनी मलाच विचारला. योहानाच्या दुसऱ्या पत्रात खोट्या शिक्षकाला घरात घेऊ नका असे आहे, आणि आमच्यातले काही जण ते वाचून दारात पाणी ओतायला निघतात. पण ते वचन ज्या काळचे आहे तेव्हा फिरत्या उपदेशकाला घरात घेणे म्हणजे त्याला मुक्कामाला ठेवून घरातल्या मंडळीपुढे शिकवू देणे होते. दोन बायकांना पाणी विचारण्याने ते मोडत नाही. मात्र दुःखात असलेल्या माणसाने एकट्याने दर आठवड्याला असा अभ्यास करीत राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी सांगितले. सिस्टरांनी पुढच्या मंगळवारी त्यांना चहा दिला, स्तेफनाचे वचन वाचून दाखवले आणि अभ्यास थांबवत असल्याचे सांगितले. त्यातली धाकटी जाताना त्यांचा हात बराच वेळ धरून उभी होती, असे त्या म्हणाल्या. मंगळवारी दुपारी आता मंडळीतल्या दोघी जणी आळीपाळीने जातात. हे दीड वर्षापूर्वीच व्हायला हवे होते.

शेवटच्या भेटीत झोपेचे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, पाच तास लागते, या वयाला पुष्कळ झाली. वही पिशवीत घातली, दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “पाळकसाहेब, ते बर्फाचे मात्र येत्या रविवारी आधी दुरुस्त करा.” रविवारी मी मुलांपुढे उभा राहून सांगितले की माझा दाखला चुकीचा होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, मग बरोबर कोणता? मी तिला योहानाचे पहिले वचन पाठ करायला दिले, आणि तिचा चेहरा पाहून कळत होते की तिला दाखल्यातली वाफेची किटलीच जास्त आवडत होती.