आई मुद्दाम उलटं वागतात का?

"आईंना सगळं कळतं हो, पण सांगावं एक तर करतात भलतंच." पक्षाघातातून उठलेल्या सासूबाईंबद्दल सून बोलत होती. आदल्याच दिवशी घरात वाद झाला होता. "ह्यांनी दिलेली चावी मला द्या," असं तिने सांगितलं आणि आईंनी चावी आपल्या मुलाच्या हातात ठेवली. मुद्दाम केलं, असं तिला वाटलं. हा संशय मी वाचा-उपचार करताना अनेक घरांत पाहते आणि दर वेळी जीव तुटतो, कारण ज्याच्यावर तो घेतला जातो त्याला स्वतःची बाजू मांडता येत नसते.

आईंचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूचा. बोलणं तुटक: "पाणी... गोळी... सकाळी." मी चित्रं मांडली. "मुलाने आंबा खाल्ला" म्हणताच बोट बरोबर चित्रावर गेलं. मग म्हटलं, "मुलीला मुलाने ढकललं." त्यांनी मुलाला ढकलणारी मुलगी दाखवली. पुन्हा विचारलं, तरी तेच.

"पण हे शब्द त्यांना येतात!" सून म्हणाली. येतातच. आंबा काही मुलाला खात नाही, म्हणून तिथे नुसत्या शब्दांवर भागतं. ढकलण्यात मात्र कोणी कोणाला, हे 'ला' आणि 'ने' यांवरच कळतं, आणि तेच त्यांच्या हातून निसटत होतं. जे माणूस आधी ऐकू आलं तेच काम करणारं, असं त्या धरून चालत होत्या. चावीच्या वाक्यातही असाच गोंधळ झाला असणार.

पॅरिसमध्ये डॉक्टर ब्रोका यांनी 1861 मध्ये वाचा गेलेल्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्यानंतर बराच काळ अशा रुग्णांचं फक्त बोलणं बिघडतं असं मानलं जाई. 1976 मध्ये कारामाझ्झा आणि झुरिफ या संशोधकांनी अशाच उलटसुलट होऊ शकणाऱ्या वाक्यांनी दाखवलं, की समजण्यातही नेमकी वाक्यरचनाच अडते. निरोगी मेंदूच्या विद्युत आलेखातही विसंगत शब्दाला साधारण 400 मिलिसेकंदांवर एक लाट दिसते, तर व्याकरण चुकलं की 600 च्या सुमारास वेगळीच; म्हणजे शब्दांचा अर्थ आणि व्याकरण मेंदू वेगवेगळं हाताळतो.

सुनेला एवढंच सांगितलं: "'चावी मला द्या' म्हणा, हात पुढे करा आणि थांबा. एका वाक्यात एकच काम. आवाज चढवू नका, त्यांचे कान ठीक आहेत. 'हो' म्हणाल्या तरी कळलं असं धरू नका. गोळीची वेळ बोटांवर दाखवायला सांगा." वाचा-उपचार सुरूच ठेवायचे, पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, पण पुढेही होत राहते. मात्र समज किंवा बोलणं अचानक आणखी बिघडलं, तर माझ्याकडे न येता थेट रुग्णालय गाठायचं.