वाचकांचे प्रश्न : मुतखडा आणि चोवीस तासांची लघवी

प्रश्न : मी 44 वर्षांचा असून यावल तालुक्यात आमची केळीची बाग आहे. गेल्या सात वर्षांत मला तीनदा मुतखडा झाला. दोन वेळा तो लघवीवाटे पडला, तिसऱ्या वेळी जळगावला दुर्बिणीतून लेझरने फोडावा लागला. त्याला आता दोन महिने झाले. डॉक्टरांनी ‘मेटाबोलिक तपासणी’ सांगितली असून त्यासाठी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमा करायची आहे. खडा निघाल्यावर ही तपासणी कशासाठी? दिवसभर बागेत असताना ती करावी कशी? घरच्यांनी माझे दूध-दही बंद केले आहे, तेही योग्य आहे काय? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : लेझरने खडा निघाला, पण तो ज्या कारणाने तयार झाला ते कारण आपल्या शरीरात अजून आहे, आणि सात वर्षांत तीन खडे होणे हा त्याचाच पुरावा आहे. लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट (कॅल्शियमशी जुळून खडा बनवणारा पदार्थ) किंवा युरिक आम्ल जास्त उतरते, खडा होऊ न देणारे सायट्रेट कमी पडते, किंवा मुळात लघवीच कमी होते; यांपैकी आपल्या बाबतीत काय घडते आहे, हे सोनोग्राफीत दिसत नाही. म्हणून ही तपासणी आपण अवश्य करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खडा काढल्यानंतर साधारण सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात. ते उलटून गेले आहेत.

पूर्वी पडलेला खडा कुणी काडेपेटीत जपून ठेवला असेल, तर तो डॉक्टरांकडे न्यावा. कोरडा खडा बऱ्याच काळानंतरही तपासता येतो. तो युरिक आम्लाचा निघाला, तर उपचाराची दिशाच बदलते, कारण लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने असे खडे विरघळू शकतात. रक्तातील कॅल्शियम, युरिक आम्ल आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज जवळपास सारख्याच प्रमाणात तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) याच वेळी पाहतात. कॅल्शियम वाढलेले असल्यास रक्तातील कॅल्शियमवर ताबा ठेवणाऱ्या मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी तपासतात.

आता कॅनविषयी. समजा, आपण सकाळी सहाला उठलात. ती पहिली लघवी टाकून द्यावी आणि वेळ लिहून ठेवावी. त्यानंतरचा प्रत्येक थेंब, शौचाच्या वेळचाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या लघवीसह कॅनमध्ये जमा करावा. कॅनच्या तळाशी आम्ल घातलेले असू शकते. म्हणून लघवी आधी मगमध्ये घेऊन मग सावकाश ओतावी, कॅन विसळू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. बागेत तो सावलीत, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवता येईल. लाज वाटते म्हणून मधली एखादी लघवी बांधावर केली, तर अहवालावर विसंबता येत नाही. अशी चूक क्रिएटिनिनवरून ओळखता येते : 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या लघवीत ते दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास उतरते, आणि अहवालात त्याच्या निम्मेच दिसले तर लघवी पूर्ण जमा झाली नाही, असे धरावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या दिवशी आपले वागणे नेहमीचेच असावे. पुष्कळ रुग्ण घरी विश्रांतीच्या दिवशी लघवी जमा करतात, तपासणी आहे म्हणून तांब्यामागून तांब्या पाणी पितात, लोणचे-पापडाला हात लावत नाहीत, आणि मग अहवाल चांगला येतो. पण तो त्या एका दिवसाचा असतो. आपण घड कापणीच्या दिवशी, नेहमीच्या उन्हात, नेहमीच्या जेवणावर लघवी जमा करावी. चालू असलेली औषधे डॉक्टरांना सांगावीत, मनाने बंद करू नयेत.

अहवालात प्रथम लघवीचे एकूण प्रमाण पाहावे. ते दिवसाला किमान अडीच लिटर हवे. आपल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा बरेचसे पाणी घामावाटे निघून जाते आणि इतकी लघवी होण्यासाठी पुष्कळ जास्त प्यावे लागते. नंतर सोडियम पाहावे. ते 200 मिलिमोल आले, तर दिवसाकाठी साधारण 12 ग्रॅम मीठ पोटात गेले, असा अर्थ होतो. शेवभाजी, ठेचा, लोणचे आणि पापड एकाच ताटात असले की हा आकडा सहज गाठला जातो. जास्त मीठ लघवीत कॅल्शियमही ओढून आणते. सायट्रेट 320 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर लिंबाचे पाणी उपयोगी पडते. त्यात मीठ मात्र घालू नये. गरज वाटल्यास डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात.

दूध-दही कृपया पुन्हा सुरू करावे. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे बाहेर जाते. दूध तोडले की मोकळे ऑक्झलेट रक्तात शिरून लघवीत उतरते. इटलीत 120 पुरुषांवर पाच वर्षे झालेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरेसे कॅल्शियम, कमी मीठ आणि कमी मांसाहार घेणाऱ्यांना पुन्हा खडा होण्याचे प्रमाण, कॅल्शियम तोडलेल्यांच्या तुलनेत सुमारे निम्मे आढळले.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच मुतखडा झाला. पुन्हा झाला तर तपासण्या करू, असे नातेवाईक म्हणतात. थांबावे काय? (एक माता, नंदुरबार)

उत्तर : ताई, थांबू नये. मुलांमध्ये पहिल्याच खड्यानंतर तपासणी करतात, कारण सिस्टिन्युरियासारखा (लघवीत सिस्टिन नावाचे अमिनो आम्ल जास्त उतरण्याचा) आनुवंशिक दोष त्यामागे असू शकतो, आणि तो वेळीच कळला तर मूत्रपिंडे वाचवता येतात. शाळेमुळे चोवीस तासांची लघवी जमा करणे अवघड असेल, तर एका वेळच्या लघवीत कॅल्शियम आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर पाहून सुरुवात करता येते. आपले लग्न नात्यात झाले असेल किंवा माहेरी-सासरी कुणाला लहानपणी खडे झाले असतील, तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे.