पात्राला जे बोलायचे नाही, ते आधी लिहून काढा
वाचकांचे प्रश्न : पटकथा आणि संवाद

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात शिक्षक आहे. माझ्या पटकथेत पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावी येतो आणि फ्लॅटसाठी दोन एकर जमीन विकण्याचा विषय वडिलांकडे काढतो. मुलगा म्हणतो, "बाबा, मला पुण्यात घर घ्यायचे आहे, म्हणून आपली जमीन विकावी असे मला वाटते." वडील म्हणतात, "ही जमीन माझी आई आहे. तुझ्या आजोबांनी रक्ताचे पाणी करून ती राखली. ती विकण्याआधी मला मारून टाक." ज्या दिग्दर्शकाला हे वाचायला दिले, त्याने 'संवाद नाटकी आहेत' एवढाच शेरा मारला. नाटकी म्हणजे नेमके काय आणि ते कसे सुधारावे?

उत्तर : शेरा चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि एवढे बोलून लेखकाला वाऱ्यावर सोडणे मला पटत नाही. आपला बोलपट रंगभूमीच्या मांडीवर वाढला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला; त्यात हरिश्चंद्राची भूमिका केली ती संगीत रंगभूमी गाजवलेल्या गोविंदराव टेंबे यांनी. नाटकातले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे असते, तिथून नटाचे डोळे दिसत नाहीत, त्यामुळे मनातले बरेचसे शब्दांत आणावेच लागते. कॅमेऱ्याला मात्र सदऱ्याच्या खिशातला चष्मासुद्धा पडदाभर दाखवता येतो. आपल्या प्रसंगातील दोघेही मनातले सगळे बोलून मोकळे होतात, आणि मग नटाला करण्यासारखे किंवा प्रेक्षकाला ओळखण्यासारखे काही उरत नाही.

आपला प्रसंग मी असा लिहून पाहिला. वेळ रात्रीची आहे, शेतीपंपाची वीज अकरा वाजता येणार आहे आणि मुलाच्या बॅगेत कागद तयार आहेत.

वडील : लाइट अकराला येणार आहे. उसाला दारं धरायला चल.
मुलगा : पहाटेच्या एसटीनं निघायचंय मला.
वडील : मग झोप.
मुलगा : वरच्या आळीच्या तात्यांनी रान दिलं म्हणे.
वडील : दिलं.
मुलगा : भाव चांगला आला त्यांना.
वडील : बॅटरी कुठं ठेवलीस रे?
मुलगा : आप्पा, तुमची एक सही पाहिजे होती.
वडील : चष्मा सापडंना झालाय. सकाळी बघू.
मुलगा : चष्मा खिशात आहे तुमच्या.
(वडील खिशाला हात लावत नाहीत. बॅटरी उचलून पायात चपला घालतात.)
वडील : अकरा वाजत आले.

'विकणे' हा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारलेला नाही. ज्या घरात जमिनीचा विषय जिव्हारी लागणारा असतो, तिथे माणसे 'रान विकलं' असे न म्हणता 'रान दिलं' म्हणतात, आणि त्या एका क्रियापदात भीड, लाज आणि हिशेब अशा तिन्ही गोष्टी येतात. वडील मुलाला नकार देत नाहीत. ते बॅटरीविषयी, चष्म्याविषयी आणि विजेच्या वेळेविषयी बोलतात, आणि प्रेक्षकाला नकार ऐकू येतो. 'चष्मा खिशात आहे तुमच्या' हे वाक्य वरवर मदतीचे आहे, पण त्या प्रसंगातले सर्वांत निष्ठुर वाक्य तेच आहे, कारण बापाची पळवाट मुलाने पाहिली आहे आणि पाहिल्याचे त्याने बापाला कळू दिले आहे.

आपण लिहिलेला 'जमीन माझी आई आहे' हा संवाद मात्र फेकून देऊ नका. मी प्रत्येक प्रसंगापूर्वी वेगळ्या कागदावर प्रत्येक पात्राची दोन वाक्ये लिहितो : त्याला समोरच्याकडून काय हवे आहे आणि कोणती गोष्ट ते कोणत्याही परिस्थितीत तोंडाने बोलणार नाही. आपले वाक्य त्या कागदावरचे आहे. ते ठाऊक असल्याशिवाय वरचा प्रसंग लिहिताच आला नसता. ते पडद्यावर न येता पडद्यामागे राहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रश्न : मी मुंबईत राहते. माझ्या पटकथेत सासू, सून, दीर आणि नणंद अशी चार पात्रे आहेत. नावे झाकून वाचले, तर चौघेही एकाच व्यक्तीसारखे बोलतात. प्रत्येकाला एखादे पालुपद किंवा लकब द्यावी का?

उत्तर : लकब देऊ नये, किंवा अगदी शेवटी द्यावी. लकबीने पात्र ओळखू येते, पण कळत नाही. त्याऐवजी मराठीने आपल्याला जी साधने फुकट दिली आहेत, त्यांच्याकडे वळावे. मराठी लेखकांकडून त्यांचा पुरेसा वापर होत नाही याची मला मनापासून खंत वाटते.

पहिले साधन 'आम्ही' आणि 'आपण' यांतील भेद. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे की आत घ्यायचे, हे मराठी माणसाला प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. सून म्हणते, "आमच्याकडे दिवाळीत अनारसे करतात," तेव्हा ती अजून माहेरीच उभी आहे. सासू म्हणते, "आपल्याकडे नाही करत," तेव्हा तिने सुनेला घरात घेतले आहे आणि त्याच वाक्यात दाराला आतून कडीही लावली आहे. आता तीच सून अर्ध्या चित्रपटानंतर शेजारणीला सहज म्हणाली, "आपल्याकडे नाही करत अनारसे," तर तिच्यात झालेला बदल सांगण्यासाठी दुसरा प्रसंग लिहावा लागणार नाही. तो बदल चांगला की वाईट, हे नटीच्या चेहऱ्यावर सोडता येते.

दुसरे साधन संबोधनाचे. रोज 'अहो' म्हणणारी बायको एका सकाळी 'अहो' गाळून नुसते "ऐका" म्हणते, भावाला 'दादा' म्हणणारी बहीण वाटणीच्या दिवशी त्याला 'तुम्ही' म्हणू लागते, हे प्रेक्षकाच्या कानाला लगेच टोचते. मात्र असा बदल संपूर्ण पटकथेत एकदाच, फार तर दोनदा करावा, आणि त्याआधी नेहमीचे संबोधन प्रेक्षकाच्या कानात पक्के बसलेले असावे.

तिसरे साधन मला सर्वांत प्रिय आहे. नाते नेमके काय उरले आहे हे ठाऊक नसले, की मराठी माणूस 'तू' आणि 'तुम्ही' या दोहोंना बगल देतो आणि कर्ताच वाक्यातून काढून टाकतो. कित्येक वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी दोन भावांचे बोलणे ऐकले होते. वडील आत अतिदक्षता विभागात होते. धाकटा म्हणाला, "कधी येणं झालं?" थोरला म्हणाला, "सकाळी." मग बऱ्याच वेळाने थोरल्याने विचारले, "चहा वगैरे झालाय का?" दोघांनी एकमेकांना ना नावाने हाक मारली, ना कोणते सर्वनाम वापरले. त्यांच्यात काय घडले होते ते मला आजही माहीत नाही, पण बोलणे तुटून बरीच वर्षे झाली असावीत हे कोणी सांगायची गरज उरली नव्हती. आपले दीर आणि नणंद एकमेकांशी अबोला धरून असतील, तर त्यांना या वाक्यरचनेत बोलू द्या. मग त्यांची नावे झाकली तरी ते ओळखू येतील.

प्रश्न : मी नागपूरचा. कथा वर्धा जिल्ह्यातल्या गावात घडते. निर्माते म्हणतात की वऱ्हाडी संवाद पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळणार नाहीत, म्हणून प्रमाण भाषेत लिहा, बोलीचे नट बघून घेतील. हे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते अजिबात नाही. बोली नटांवर सोडली, की प्रत्येक जण आपापल्या ऐकीव वऱ्हाडीत बोलतो, आणि एकाच घरातली चार माणसे चार तालुक्यांतून आल्यासारखी वाटतात. बोली कागदावरच उतरली पाहिजे. 'मला'चे 'मले' आणि 'कशाला'चे 'कायले' केले म्हणजे वाक्य वऱ्हाडी होत नाही. वाक्याची चाल, 'हो जी'मधला आदर, दोन मित्रांमधला 'बे' आणि तो बे वडीलधाऱ्यांसमोर गिळण्याची धडपड, हे सारे लेखनातच यायला हवे. शिवाय एका गावात सगळे एकसारखे बोलत नाहीत. नागपूरच्या कॉलेजात जाणारी मुलगी घरी आजीशी 'मले' म्हणेल, फोनवर मैत्रिणीशी 'मला' म्हणेल, आणि आजीने ते ऐकले तर तिथे एक प्रसंग आयताच तयार होईल.

न कळण्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो की प्रेक्षकाला पात्राची गरज कळलेली असली, की एखादा अनोळखी शब्द त्याला अडवत नाही. ज्या माहितीवर कथानक उभे आहे, म्हणजे नाते, रक्कम, तारीख, ती मात्र सर्वत्र समजेल अशा शब्दांत ठेवावी. आणि पटकथेच्या शेवटी बोलीतील रूपांचे एक पान जोडावे. डबिंगच्या वेळी ते फार उपयोगी पडते.

प्रश्न : मी पुण्यात लघुपट करतो. संवादाआधी कंसात 'रागाने', 'खिन्नपणे' असे लिहावे का? आणि संवाद किती लांब असावा?

उत्तर : कंसात भाव लिहू नये, कृती लिहावी, आणि तीही अर्थ बदलत असेल तरच. 'रागाने' लिहावेसे वाटले, तर राग वाक्यात उतरलेला नाही असे समजून वाक्य पुन्हा लिहावे. लांबीला नियम नाही. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक साच्यावर आणि ठरावीक टंकावर (फॉन्टवर) बेतलेला आहे. देवनागरीत टंक आणि ओळींमधील अंतर बदलले की तो कोलमडतो. म्हणून घड्याळ लावून मोठ्याने वाचावे, शक्यतो अभिनय न येणाऱ्या दोन माणसांकडून वाचून घ्यावे, आणि आपण फक्त ऐकावे. वाचताना ज्या शब्दावर दोघांचीही जीभ अडखळते, त्याखाली पेन्सिलने रेघ ओढावी. प्रसंगाचे पहिले आणि शेवटचे वाक्य काढून पुन्हा एकदा वाचून घ्यावे. माझ्या बहुतेक प्रसंगांत ती दोन्ही वाक्ये परत घालावी लागलेली नाहीत.