‘हे होणार नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

ताई, मी ३३ वर्षांची आहे, नाशिकला राहते. दोन मुलं. धाकटीचं अंगावरचं दूध तोडून चार महिने झाले. दोन बाळंतपणांत छाती पार ओघळली, वरच्या बाजूनं रिकामी झाली. ब्लाउज नीट बसत नाही, आरशासमोर कपडे बदलायचं टाळते. छाती भरीव करायला आत बसवतात ते इम्प्लांट करायचं मी ठरवलंय. एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत ‘३५० सीसी’ माप सांगितलं. ‘आयुष्यभराची चिंता मिटेल’ म्हणाले, शिवाय या महिन्यात पैसे भरले तर सूट आहे. दुसरीकडे एका डॉक्टरबाईंनी पाऊण तास तपासलं आणि ‘नुसत्या इम्प्लांटनं हे होणार नाही’ असं सांगून माझं मनच मोडलं. फेब्रुवारीत दिराचं लग्न आहे, त्याआधी उरकायचंय. नवरा म्हणतो, तुझं तू बघ. सासूबाईंना कळू द्यायचं नाहीये. कोणाकडे जाऊ? आणि इम्प्लांट कोणतं चांगलं, गोल की थेंबाच्या आकाराचं?
— एक आई, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

उत्तर आधीच देते: डॉक्टरबाईंकडे परत जा. त्यांनी तुझं मन मोडलं असं तुला वाटलं, पण तुझ्या शरीराबद्दल खरं बोलणारं या सगळ्यात त्यांच्याशिवाय कुणी दिसत नाही.

आणि एक आधीच सांगते, तुला हे हवंसं वाटतं यात लाजण्यासारखं काही नाही. दोन मुलांना पाजलेलं शरीर बदलतं, तो बदल खुपतो, आणि त्यावर काही करावंसं वाटतं. ‘मुलं झाली, आता कशाला हवेत हे नखरे’ असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

आता डॉक्टरबाई काय म्हणत होत्या ते बघू. स्तन छातीला जिथं खालून मिळतो तिथं एक घडी असते. स्तनाग्र त्या घडीच्या बऱ्यापैकी वर असेल तर नुसत्या इम्प्लांटनं काम भागतं. ते घडीपाशी किंवा त्याखाली उतरलं असेल, तर इम्प्लांटनं भरीवपणा येईल, पण उचल येणार नाही. ३५० सीसीचं इम्प्लांट म्हणजे साधारण साडेतीनशे ग्रॅम वजन. दोन्हींचं मिळून सातशे ग्रॅम, आणि तेही आधीच ताणलेल्या त्वचेवर. थोड्याच वर्षांत सगळं आणखी खाली येण्याची भीती. ओघळलेल्या स्तनाला वर घ्यायचं तर जास्तीची त्वचा काढावी लागते. त्या शस्त्रक्रियेला डॉक्टर ‘लिफ्ट’ म्हणतात. तिचे व्रण राहतात: स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं, तिथून खाली उभा, आणि काही वेळा घडीत आडवा. ते हळूहळू फिके होतात, पण पुसले जात नाहीत. आपल्याकडे बऱ्याच जणींचे व्रण जाड आणि उंच होतात, म्हणून कान टोचल्यावर किंवा सिझेरियनच्या टाक्यांच्या जागी तुला तसं काही झालं होतं का, हे त्यांना सांग.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात ‘मोठी छाती हवी’ असं तू कुठंही लिहिलेलं नाहीस. ओघळली आणि रिकामी झाली, इतकंच लिहिलंस. मग ३५० हा आकडा कुणाचा? तुझा तर नाही. कदाचित तुला नुसती लिफ्ट पुरेल आणि शरीरात काही घालावंच लागणार नाही. कदाचित लिफ्टबरोबर लहानसं इम्प्लांट लागेल. हे तपासणीतूनच ठरतं, पण ते ठरायला डॉक्टरांना तुझी खरी तक्रार कळायला हवी. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसे या बाईंवर सिलिकॉन इम्प्लांटची पहिली शस्त्रक्रिया झाली. त्या रुग्णालयात गेल्या होत्या छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. इम्प्लांट डॉक्टरांनी सुचवलं. त्यांना स्वतःला कान दुरुस्त करून हवे होते, तेही मग करून दिले. साठ वर्षं उलटली तरी बाई एक मागायला जाते आणि दुसरंच घेऊन परत येते, हे थांबलेलं नाही. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘आयुष्यभराची चिंता मिटेल’ हे वाक्य तर चूकच आहे. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २०२१ साली हा इशारा चौकटीत छापणं बंधनकारक केलं: जितकी वर्षं जातील तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढते आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक आवरण तयार करतं. काही जणींमध्ये ते आवळत जातं, स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. सिलिकॉनचं इम्प्लांट कळूही न देता फुटू शकतं, म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची जाते. काही जणींना थकवा, सांधेदुखी, मनाचा गोंधळ असे त्रास झाल्याचंही त्या इशाऱ्यात नोंदलेलं आहे. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. अनेक जणी इम्प्लांट करून समाधानी आहेत. पण ३३व्या वर्षी केलंस तर पुढच्या आयुष्यात निदान एकदा तरी पुन्हा टेबलावर जावं लागेल, असं धरूनच निर्णय घे आणि पैसेही तसेच धर. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा पैसे देत नाही, शिवाय तिच्यावर जीएसटी लागतो. सवलतीच्या आकड्यात हे धरलंय का, विचारून घे.

गोल की थेंबासारखं? थेंबाचा आकार आत फिरला तर स्तन वेडावाकडा दिसतो. तो फिरू नये म्हणून त्या इम्प्लांटचा पृष्ठभाग खरखरीत ठेवतात. खरखरीत पृष्ठभागाचा संबंध एका दुर्मीळ लिम्फोमाशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाशी, आढळला आहे. हा स्तनाचा कर्करोग नव्हे, इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा वेगळा आजार आहे. त्याच कारणानं २०१९ साली ॲलरगन कंपनीला आपली बायोसेल प्रकारची इम्प्लांट जगभरातून परत घ्यावी लागली. म्हणून लागलंच तर तुझ्यासाठी गुळगुळीत, गोल इम्प्लांटचा विचार आधी व्हावा असं मला वाटतं. शेवटचा शब्द अर्थात तपासणाऱ्या डॉक्टरांचा. माप मात्र तुझ्या छातीच्या रुंदीवरून आणि वरच्या त्वचेच्या जाडीवरून निघायला हवं. रुंदीपेक्षा मोठं घातलं तर कडा हाताला लागतात, त्वचेवर सुरकुत्या दिसतात. ब्राचा अमुकच कप मिळेल असं वचन कुणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. दवाखान्यात साइझर, म्हणजे माप बघायचे नमुने, असतात. ते साध्या ब्रात घालून, वर तुझा नेहमीचा ब्लाउज चढवून थोडा वेळ वावरून बघ.

परत जाशील तेव्हा मोबाइलमधले नट्यांचे फोटो नेऊ नकोस. तुझे लग्नाआधीचे ने, म्हणजे ‘पूर्वीसारखं’ म्हणजे काय ते दोघींना एकत्र बघता येईल. त्यांच्याकडून तुझ्यासारख्याच, दोन मुलांनंतरच्या बायकांचे, वर्षभरानंतरचे फोटो माग. व्रणांचे जवळून काढलेलेही. मग सरळ विचार, ‘माझ्या बाबतीत काय साधणार नाही?’ दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होणार नाहीत, हे त्या आपणहून सांगतील. पहिल्या डॉक्टरांची पदवीही बघ. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी. असायला हवी. पाटीवर नुसतं ‘कॉस्मेटिक सर्जन’ असून भागत नाही. इम्प्लांट घातलंच तर कंपनी आणि अनुक्रमांक लिहिलेलं कार्ड घेऊन जपून ठेव. पीआयपी या फ्रेंच कंपनीनं औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं २०१० साली उघड झालं, तेव्हा आपल्या शरीरात नेमकं कुठलं इम्प्लांट आहे हेच अनेकींना ठाऊक नव्हतं. आणि मिश्री किंवा तंबाखू कुठल्याही रूपात घेत असशील तर लपवू नकोस. निकोटिननं जखम नीट भरत नाही, लिफ्टमध्ये तर त्वचा काळी पडून मरूही शकते.

फेब्रुवारीचं डोक्यातून काढून टाक. दूध तोडून चारच महिने झालेत, स्तनांचा आकार अजून बदलतोय. साधारण सहा महिने जाऊ देत, वजन स्थिर होऊ दे. तिसरं मूल हवंय की नाही हे तुम्हा दोघांचं ठरलेलं नसेल तर आधी ते ठरवा, कारण नव्या बाळंतपणात केलेलं काम पुन्हा बिघडू शकतं. शस्त्रक्रियेनंतर सूज उतरून खरा आकार दिसायलाही काही महिने लागतात. लग्नासाठी चांगल्या शिंप्याकडून नवीन मापाचा, आधार देणारा ब्लाउज शिवून घे.

नवऱ्याचं ‘तुझं तू बघ’ मला खटकलं. निर्णय तुझा, हे खरं. पण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे तुला धाकटीला उचलता येणार नाही, वरच्या फळीवरचे डबे काढता येणार नाहीत. ते कोण करणार? पुढच्या भेटीला त्यांना सोबत ने आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर डॉक्टरबाईंनाच विचार. सासूबाई एकाच घरात राहत असतील तर सगळं लपवणं जमायचं नाही. ‘एक छोटं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी ओझं उचलायला मनाई केलीय’ इतकं त्यांना सांगावं लागेल. त्यापुढचं सांगायचं की नाही, हा सर्वस्वी तुझा हक्क.

— तुझी ताई