५२ आठवड्यांचा हिशेब

"मॅडम, ती हरली की आमच्या घरात सुतक असतं."

मुलुंडहून आलेली एक तरुण पत्नी माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत बसल्या बसल्या हे बोलली. 'ती' म्हणजे तिच्या नवऱ्याची लाडकी टेनिसपटू. तिला हसूही येत होतं आणि रडूही. शब्द निराळे असतील, पण ही तक्रार मी वारंवार ऐकते. कुणाचा मुलगा आयपीएलमधला आवडता संघ हरला की खोलीचं दार लावून घेतो. कुणाची मुलगी एका गायकाच्या आजारपणाच्या बातमीने दोन दिवस जेवत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच: ज्याला आपलं नावही ठाऊक नाही, त्याच्यासाठी एवढा जीव टाकायचा, हे बरं का?

माझं उत्तर आधीच सांगते. जीव लावणं हा आजार नाही. पण तो कशाला लावला आहे, हे पुष्कळदा त्या माणसालाच माहीत नसतं. ते शोधायला मला आणि त्या पत्नीच्या नवऱ्याला पाच महिने लागले. त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ते इथे लिहिते आहे.

वय ३४. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका विमा कंपनीत दावे तपासायचं काम. घरी आई आणि पत्नी. हा एम्मा राडुकानूचा भक्त. जे टेनिस बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: २०२१ साली ही १८ वर्षांची ब्रिटिश मुलगी जागतिक क्रमवारीत १५०वी होती. यूएस ओपनमध्ये ती पात्रता फेरीतून आली, ओळीने दहा सामने एकही सेट न गमावता जिंकली आणि अजिंक्य ठरली. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी, जिंकणं तोवर कुणालाच जमलं नव्हतं, पुरुषांतही नाही आणि स्त्रियांतही नाही. त्यानंतर मात्र दुखापती, एकामागून एक बदललेले प्रशिक्षक, २०२३ मध्ये दोन्ही मनगटांवर आणि एका घोट्यावर शस्त्रक्रिया. २०२४ च्या जानेवारीत ती परतली, पण एक पाऊल पुढे, दोन मागे. त्या वर्षी यूएस ओपनच्या पहिल्याच फेरीत ती सोफिया केनिनकडून हरली, तेव्हा हा दोन दिवस ऑफिसला गेला नाही. म्हणून पत्नी माझ्याकडे आली, आणि पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन आली.

अशा माणसाला मी पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारतेच. सामन्यांवर पैसे लावतोस का? झोप किती होते? आणि तिने तुला ओळखावं, उत्तर द्यावं, असं वाटतं का?

पैसे लावत नव्हता. झोपेची दैना होती. मेलबर्नचे सामने आपल्याकडे पहाटे सुरू होतात, न्यूयॉर्कचे रात्रभर चालतात. छोट्या स्पर्धा कुठे दिसत नाहीत, तेव्हा हा आठ-बाराच्या लोकलमध्ये घाटकोपर ते कुर्ला एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून आकडे बघत राहायचा. रात्री अनोळखी माणसांशी वाद. कुणी तिच्या विजयाला 'फ्लूक', म्हणजे निव्वळ नशीब, म्हटलं की हा तीन-तीन वाजेपर्यंत आकडेवारी देत भांडायचा.

तिसऱ्या प्रश्नाला म्हणाला, "नाही हो मॅडम. मी कोण हे तिला कळावं, असं कधी डोक्यातच आलं नाही. तिला सुखाने खेळू द्यावं एवढंच."

हे ऐकून मी निर्धास्त झाले. आमच्या व्यवसायात हे उत्तर फार मोलाचं. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत दुबईत, तिचा पाठलाग करणारा एक इसम प्रेक्षकांत दिसल्यावर राडुकानू रडत पंचाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली होती. त्या वाटेला आणि या मुलाच्या वाटेला एकच नाव देणं हा अन्याय आहे. घरच्यांनी तो करू नये.

पण माझीही एक चूक झाली. मी गृहीत धरलं की याचं स्वतःचं काहीतरी अर्धं राहिलं असणार, लहानपणी शाबासकी मिळवलेला आणि पुढे मागे पडलेला मुलगा असणार. दोन भेटी मी त्याच दिशेने खणत राहिले. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, मी आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही. शाळेत मधल्या बाकावर होतो आणि मजेत होतो." मी ती वही मिटली.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांना मानणारी. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेबद्दलचा त्याचा हट्ट जास्त छळतो, हे त्याचं सांगणं मला गेली २६ वर्षं रोज पटत आलं आहे. आणि मराठीत हा हट्ट सापडायला फार सोपा. तो एका अक्षरात राहतो. म्हणून मी त्याला कागद दिला आणि मनातलं वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं: 'ती परत जिंकलीच पाहिजे.'

मी 'च'भोवती गोल केला. "हा कुठून आला?"

"का नाही? कॅप्रियाती नाही का परत आली?" त्याची तयारी होती. जेनिफर कॅप्रियाती १९९० साली १४व्या वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली, १९९२ ला ऑलिंपिक सुवर्ण, मग खेळ सुटला, पोलिसांच्या भानगडी झाल्या, आणि २००१ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच ओपन दोन्ही जिंकल्या. सगळं त्याला तोंडपाठ.

मी म्हटलं, "माझ्या पिढीचा टेनिसपटू ब्योर्न बोर्ग होता. खेळ सोडला होता, १९९१ ला परत आला. जगाने लाकडी रॅकेट सोडून दिली होती, हा तीच घेऊन माँटे कार्लोला उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. पुढची दोन वर्षं खेळत राहिला, एकही सामना जिंकला नाही. कॅप्रियाती परत आली म्हणून प्रत्येकाने परत आलंच पाहिजे का?"

"बोर्गचं वेगळं. त्याच्याकडे पाच विम्बल्डन होती. त्याला काय सिद्ध करायचं होतं? हिच्याकडे एकच ग्रँड स्लॅम आहे. तिला सिद्ध करायला नको?"

"काय सिद्ध करायचं?"

"की ते खरं होतं म्हणून."

इथे मी थांबले. 'ती चांगली आहे हे सिद्ध व्हावं' असं तो म्हणाला नव्हता. 'ते खरं होतं' म्हणाला होता. मी हळूच विचारलं, "तू तिला पहिल्यांदा कधी बघितलंस? आणि तेव्हा तुझ्या घरात काय चाललं होतं?"

बराच वेळ तो कागदाच्या कडेची घडी घालत बसला. मग सांगितलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, त्याचे वडील गेले. रुग्णालयात कुणाला जाऊ दिलं नाही. आई त्यानंतर 'हो', 'नाही', 'ठेव तिथे' यापलीकडे बोलेना. पाच महिने घर तसं. सप्टेंबरातल्या एका रात्री झोप येईना म्हणून याने आवाज बंद करून टीव्ही लावला. १२ तारीख उजाडलेली, रात्रीचा दीड. न्यूयॉर्कला अंतिम सामना सुरू होत होता. खेळ कळत नव्हता, पण दोन पोरी जीव तोडून खेळत होत्या म्हणून बघत बसला. दुसऱ्या सेटमध्ये ५-३ असताना राडुकानू घसरली आणि गुडघा फुटला, पायावरून रक्ताचा ओघळ. त्याच वेळी आई पाणी प्यायला उठली होती. स्वयंपाकघराच्या दारात भांडं हातात धरून ती थबकली आणि म्हणाली, "अरे, त्या पोरीच्या गुडघ्याला लागलंय. कुणी पट्टी तरी लावा."

एप्रिलनंतरचं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

आई येऊन सोफ्यावर बसली. पट्टी लागली. पोर उभी राहिली, सर्व्ह केली, प्रतिस्पर्धी मुलीची रॅकेट चेंडूला लागलीच नाही, आणि ती कोर्टवर आडवी पडली. ६-४, ६-३. आई म्हणाली, "एवढीशी आहे रे." पहाटे साडेतीनच्या सुमारास मुलुंडच्या त्या घरात आल्याचा चहा झाला, आणि आई अर्धा तास बाबांबद्दल बोलत होती.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, पत्नीलासुद्धा नाही. लग्न त्यानंतर वर्षभराने झालं. तिला वाटायचं, नवरा एका गोऱ्या, सुंदर खेळाडूच्या नादी लागलाय. हा भांडत होता त्या रात्रीसाठी. राडुकानूचं जिंकणं 'फ्लूक' ठरलं, तर मुलुंडची ती पहाटही फ्लूक ठरेल, असा हिशेब आत कुठेतरी बसला होता. प्रत्येक पराभव त्या चहाच्या कपावर येऊन आदळत होता.

पुढच्या भेटीत मी मुद्दाम त्याच्या आवडीचं विचारलं. "२०२२ ला ती एका फटक्यात ११व्या क्रमांकावरून ८३व्यावर कशी घसरली? एवढी वाईट खेळली?"

त्याचा चेहरा खुलला. "तसं नसतं मॅडम. गुण ५२ आठवड्यांनी गळतात. जिंकल्याचे २००० गुण मिळाले होते. वर्षाने त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत कॉर्नेकडून हरली, म्हणून ते सगळे गेले."

"गुण गेले. आणि विजेत्यांच्या यादीतलं २०२१ समोरचं नाव?"

"ते कसं जाईल?"

"मग सिद्ध काय करायचं राहिलंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. खाली रस्त्यावर फुलवाल्यांचा आरडाओरडा चालला होता. मग तो जे म्हणाला, ते मला सुचलं नसतं. "बाबांचं वर्षश्राद्ध झालं, त्या दिवशी काका म्हणाले, वर्ष झालं, आता पुरे, सावरा. बावन्न आठवडेच झाले होते की हो. त्या दिवसापासून आईने बाबांचं नाव काढणं सोडलं. मीही."

मी काही बोलले नाही. आमच्या कामात असा क्षण आला की हात मांडीवर ठेवून बसायचं असतं. ते मला उशिरा शिकता आलं, पण आलं.

नंतरचं काम सोपं होतं. त्याने कागद परत मागून घेतला, 'जिंकलीच'मधला 'च' खोडला आणि खाली लिहिलं: 'ती जिंकावी असं वाटतं. मी तिला बघणारच.' इतक्या वर्षांत 'च' काढून टाकलेले लोक मी खूप पाहिले, पण तो उचलून योग्य जागी ठेवणारा हा पहिला. दुसऱ्याच्या निकालावर 'च' ठेवला की आपला जीव त्याच्या हातात जातो. आपल्या मायेवर ठेवला तर बिघडत नाही.

बाकीचं त्याने आणि पत्नीने मिळून ठरवलं. सामना बघायचा तर नीट बसून पूर्ण बघायचा, लोकलमध्ये आकडे चाळायचे नाहीत. आठवड्याला एकच रात्र जागायची. रात्री अकरानंतर कुणाशी वाद नाही. आणि ती रात्र त्याने पत्नीला सांगायची. सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि एवढंच म्हणाली, "मग मला कशाला झोपू देतोस? मलाही उठव." २०२५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत इगा श्विऑनटेकने राडुकानूला ६-१, ६-० असं धुतलं. शनिवार होता. मला त्याचा मेसेज आला: 'वाईट वाटलं. मग दोघं भाजी आणायला गेलो.' तो मेसेज मी जपून ठेवला आहे.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. 'ती तुला जेवायला घालते का' हे वाक्य बंद करा. त्याने प्रेम लपतं, कमी होत नाही. त्यापेक्षा चहाच्या वेळी शेजारी बसून विचारा, हिला पहिल्यांदा कधी पाहिलंस, तेव्हा तू कुठे होतास, घरात कोण होतं. उत्तर कदाचित साधंच निघेल, की खेळ आवडला म्हणून. तेही चांगलंच. पण काही घरांत त्या उत्तरातून आणखी काही निघतं. आणि काही गोष्टींत मात्र वाट बघू नका: पैसे लावणं, आठवडेच्या आठवडे झोप नसणं, हरलेल्या खेळाडूला शिव्या लिहून पाठवणं, 'ती मलाच उद्देशून बोलली' असं वाटू लागणं, तिच्या हॉटेलचा, प्रवासाचा माग काढणं. यातलं एक जरी दिसलं तरी मनोविकारतज्ज्ञांकडे जा, समुपदेशकाकडे वेळ घालवू नका.

आणि चाहत्यांनो, तुम्हालाही एक. परत येऊ पाहणाऱ्या खेळाडूला आपल्या आशेचं ओझं जाणवत असतं. तुम्ही लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही असं समजू नका. लिहायचंच असेल तर निकालाबद्दल नको, आजच्या एखाद्या फटक्याबद्दल लिहा.

२०२५ च्या फेब्रुवारीत चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर मुंबई ओपन ही टेनिस स्पर्धा होती. राडुकानू त्यात नव्हती, तरी हा आई आणि पत्नीला घेऊन गेला. कोइमतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून येऊन थेट उपांत्य फेरीत पोचली होती, तो सामना. नंतर भेटायला आला तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं, आईने पदराआड धरलेल्या पाण्याच्या बाटलीपासून. माया हरली. लोक उठून टाळ्या वाजवत होते, मागच्या रांगेत कुणीतरी म्हणत होतं, ही आता ग्रँड स्लॅम जिंकणार बघा. आईने वळून त्या माणसाकडे बघितलं.

"आधी घरी जाऊन झोपू दे तिला," ती म्हणाली, आणि मग मुलाला, "तुझे बाबा असते तर म्हणाले असते, पोरीला काहीतरी खायला घाला."