आधी कॅमेऱ्याची फाइल बघा, मग कार्ड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवीन कॉम्प्युटर जोडायचाय, घरची लग्नं-मुंजी आणि ट्रेकचं शूटिंग रिझॉल्व्ह स्टुडिओवर (व्हिडिओ एडिटिंगच्या रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरची विकतची आवृत्ती) एडिट करायचंय. दुकानदार म्हणतो, इंटेलचा ‘एफ’वाला (नावाच्या शेवटी हे अक्षर असलेला) प्रोसेसर घ्या आणि वाचलेल्या पैशात मोठं ग्राफिक्स कार्ड टाका. ऐकू का त्याचं?

कार्ड टाका, पण ‘एफ’ नको. हा सल्ला गेमिंगसाठी ठीक आहे, आणि २०२२ मध्ये मीही तो ऐकला होता. त्यानंतर भाचीचं लग्न नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर शूट केलं. टाइमलाइनवर टाकलं तर नवरी हार घालायला हात उचलते आणि तिथेच थांबते! टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर १०० टक्क्यांवर धापा टाकतोय आणि एवढं महागाचं कार्ड निवांत बसलंय.

कारण होतं फाइलमध्ये. कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), १० बिट (रंगांच्या जास्त बारीक छटा), ४:२:२ (रंगाची माहिती किती साठवायची ते) रेकॉर्ड करत होता. ४:२:० मध्ये रंगाची माहिती चार पिक्सेलांत वाटून घेतली जाते, ४:२:२ मध्ये दोघांत. रंग सुधारताना त्याचा फायदा होतो. पण कार्डावर व्हिडिओ उलगडण्यासाठी जो वेगळा भाग असतो, त्याला हा प्रकार यावा लागतो. एनव्हिडियाच्या ३० आणि ४० मालिकेतल्या कार्डांना तो येत नाही, मग ती कितीही महाग असोत. ५० मालिकेपासून येतो. गंमत म्हणजे इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरमधल्या साध्या अंगभूत ग्राफिक्सलाही एच.२६५ चं ४:२:२ जमतं. ‘एफ’ म्हणजे नेमका तोच भाग बंद केलेला प्रोसेसर! मी शेवटी प्रोसेसर बदलला, कार्ड तेच ठेवलं, आणि क्लिप सुरळीत पळायला लागली. (कार्ड लावल्यावर काही मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं. माझा अर्धा रविवार त्यात गेला.)

म्हणून खरेदीआधी तुमच्या कॅमेऱ्याची एक क्लिप मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फक्त फोनचं शूटिंग असेल तर बहुतेक ४:२:० दिसेल. मग गेल्या काही वर्षांतलं कुठलंही मधलं कार्ड चालेल, उरलेले पैसे ३२ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडीत (वेगवान डिस्क) घाला. ४:२:२ दिसलं तर ५० मालिका, नाहीतर अंगभूत ग्राफिक्सवाला इंटेल. एच.२६४ मधलं १० बिट ४:२:२ असेल तर मात्र सरळ ५० मालिकाच, कारण इंटेलच्या १२व्या-१३व्या पिढीलाही ते झेपत नाही.

आता कार्डावरची मेमरी. नुसतं कापणं-जोडणं असेल तर ८ जीबी पुरते. पण तुमच्याकडे रिझॉल्व्हची स्टुडिओ आवृत्ती आहे, म्हणजे हॉलमधल्या अंधुक उजेडातल्या शूटिंगला तुम्ही त्यातलं नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) लावणारच, आणि फोर-के वर ते मेमरी खातं. जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्डाची) मेमरी भरल्याचा निरोप ऐन रेंडरच्या वेळी आला की रडू येतं. मी तुमच्या जागी असतो तर एनव्हिडियाचं ५०६० टीआय १६ जीबी घेतलं असतं. त्याच नावाचं ८ जीबीचंही येतं, तेव्हा बिलावर ‘१६ जीबी’ लिहिलेलं बघूनच पैसे द्या. बजेट ताणलं जात असेल तर इंटेलचं आर्क बी५८०. त्यात १२ जीबी आहे, पण मदरबोर्डला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवंच, जुन्या मशीनवर ते कार्ड अडखळतं.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) घेऊ नका. ५०६० टीआय १८० वॅटपर्यंत ओढतं. चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा वेगळा घ्या.

आणि आत्ता लगेच जमत नसेल तर प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या क्लिपच्या हलक्या नकला) बनवा. भाचीचं लग्न मी प्रोसेसर बदलायच्या आधी तसंच संपवलं. रात्री प्रॉक्सी लावून झोपायचो, सकाळी ऑफिसला जाण्यापूर्वी तासभर कापाकापी करायचो. सीडी मागणारे नातेवाईक दोन महिने थांबले, एवढंच.