व्हिएतनामचा शोपँवाला

प्रश्न : पोलिश संगीतकार शोपँच्या नावानं वॉर्सात होणाऱ्या पियानो स्पर्धेच्या बातम्यांत डांग थाय सन हे नाव सारखं दिसतं. व्हिएतनाममध्ये युद्ध चालू असताना हा माणूस पियानो शिकला कसा, आणि आता काय करतो?

उत्तर : आईमुळे शिकला, हे सरळ उत्तर. जन्म हनोईचा, १९५८ सालचा. आई थाय थी लिएन स्वतः पियानिस्ट, प्रागला शिकून आलेली, हनोईचं संगीत विद्यालय उभं करणाऱ्यांतली एक. अमेरिकेचे बॉम्ब पडायला लागले तेव्हा अख्खं विद्यालयच खेड्यात हलवलं, पियानो म्हशींच्या गाडीवर घालून नेला, आता असल्या रस्त्यावरून नेलेला पियानो सुरात कुठला राहणार, तरी पोरं त्याच्यावरच शिकली. १९७० मध्ये आईला वॉर्साच्या स्पर्धेचं आमंत्रण आलं आणि येताना तिनं शोपँच्या नोटेशनची पुस्तकं आणि रेकॉर्ड्स आणल्या. मला तर वाटतं खरी कलाटणी इथंच मिळाली, कारण चांगलं वाजवणं म्हणजे काय हे मुलाच्या कानावर घरातच पडायला लागलं.

पुढे १९७४ ला आयझॅक कात्झ नावाचे रशियन पियानिस्ट हनोईला आले, त्यांनी याला ऐकलं, जातीनं लक्ष घातलं आणि १९७७ ला हा मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयात नातान्सन यांच्याकडे दाखल झाला. तीनच वर्षांत, १९८० ला, शोपँ स्पर्धेचं पहिलं बक्षीस! आशियातला पहिलाच विजेता, वर मझुर्का, पोलोनेज (दोन्ही पोलिश नाचांवरून आलेले रचनाप्रकार) आणि कॉन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना) यांची वेगळी बक्षिसंही यालाच, आणि फायनलला ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची ती आयुष्यातली पहिलीच वेळ. त्या वर्षी पोगोरेलिच हा स्पर्धक बाद झाला म्हणून नामवंत पियानिस्ट मार्था आर्गेरिचनी परीक्षकपद सोडलं आणि लोक अजून तेवढंच उगाळत बसतात, हा सनवर सरळ सरळ अन्याय आहे.

नंतर काही वर्षं जपानमध्ये शिकवलं, १९९१ पासून मुक्काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलला. बातम्यांत नाव येतं ते मुख्यतः शिष्यांमुळे. २०२१ चा विजेता ब्रूस लिऊ त्याचाच आणि २०२५ चा एरिक लूसुद्धा त्याच्याकडे शिकलेला. पण शिष्यांच्या आधी गुरूला ऐका, मझुर्कांपासूनच सुरुवात करा, डाव्या हाताचा ठेका जरासा रेंगाळतो पण तोल कुठे जात नाही, वरची धून मात्र मोकळी गात राहते.